आप्त असता अनाथ

नात्यांच्या बाबतीत मराठी भाषा श्रीमंत आहे, हे कोणीही कबूल करील. आईच्या भावास एक शब्द, बापाच्या भावास दुसरा, आईच्या बहिणीस तिसरा, बापाच्या बहिणीस चौथा; आणि या चौघांच्या जोडीदारांस आणखी चार. इंग्रजाचे जेथे दोन शब्दांत भागते तेथे आम्हांस आठ लागतात. कोणताही समाज इतके शब्द उगीच करून ठेवीत नाही. मामाचे भाच्याशी जे कर्तव्य ते काकाचे पुतण्याशी नव्हे, आणि आत्याचा भाचरांवर जो हक्क तो मावशीचा नव्हे, ही जाणीव त्या शब्दांच्या मुळाशी आहे. असे असता, आईबाप मेले, तुरुंगात गेले, व्यसनाच्या आहारी गेले किंवा मूल टाकून निघून गेले, की त्या मुलास आपण एका क्षणात 'अनाथ' म्हणून मोकळे होतो; आणि त्याची रवानगी बालगृहात झाली म्हणजे त्याची 'सोय लागली' असे समजून निःश्वास टाकतो. ते आठ शब्द कोठे गेले, हा प्रश्न कोणास पडत नाही.

तो प्रश्न आज आम्ही विचारणार आहो. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, ज्या मुलास आईबापांजवळ ठेवता येत नाही त्याच्या आप्तांचा शोध घेणे, त्यांस विचारणे, आणि ते योग्य ठरल्यास मूल त्यांच्या हाती सोपविणे हे सरकारचे पहिले कर्तव्य मानले गेले पाहिजे. आणि मूल सोपविल्यानंतर त्या आप्तांस पैसा, कागद व देखरेख ही तिन्ही पुरविण्याचे दायित्व सरकारच्या शिरावर राहिले पाहिजे. यांपैकी पहिली गोष्ट आज अधिकाऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून आहे, आणि दुसरी तुकड्यातुकड्यांनी होते. याचा दोष केवळ सरकारचा नाही. त्यात आम्हां सुशिक्षितांचाही वाटा आहे, व तोही आम्ही यथास्थित सांगणार आहो.

प्रथम कायदा पाहू. २०१५ चा बालन्याय अधिनियम हा या विषयातला आजचा मुख्य कायदा. त्याप्रमाणे जिल्ह्यात अध्यक्ष व चार सदस्य मिळून बालकल्याण समिती असते. निराधार आढळलेले मूल २४ तासांच्या आत तिच्यापुढे हजर करावे लागते. १५ दिवसांत सामाजिक चौकशीचा अहवाल यावा आणि ४ महिन्यांत एकंदर चौकशी पुरी व्हावी, असा दंडक आहे. मुलास संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय, हे तत्त्वही याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात स्वच्छ लिहिलेले आहे. येथवर कोणासही नाव ठेवण्यास जागा नाही.

परंतु तत्त्व ओलांडून कलमांत शिरलो की आप्त दिसेनासे होतात. 'आप्त' या शब्दाची व्याख्या कायद्यात आहे. पण ती दत्तकापुरती. तीत काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजीआजोबा एवढी मंडळी येतात. दत्तक न घेता केवळ मूल सांभाळू पाहणाऱ्या मावशीस त्या व्याख्येचा उपयोग नाही. आणि थोरल्या बहिणीचे तर तीत नावही नाही. सरकारमान्य प्रतिपालनाची जी व्यवस्था आहे तीत मूल घेणारे कुटुंब मुलाच्या जन्मकुटुंबाहून निराळे असावे, अशी व्याख्या आहे. मूल परत कोणाच्या स्वाधीन करावे याची यादी ४० व्या कलमात दिली आहे: जन्मदाते आईबाप, दत्तक आईबाप, प्रतिपालक, कायदेशीर पालक आणि 'योग्य व्यक्ती'. या यादीत आजी कोठे आहे? 'योग्य व्यक्ती'च्या पोटात तिला बसविता येते, आणि सुज्ञ समित्या बसवितातही. ३७ व्या कलमातील 'कुटुंब' या शब्दाचाही तसाच उदार अर्थ करता येतो. पण त्यासाठी आजीस आपले आजीपण दाराबाहेर ठेवून 'योग्य व्यक्ती' या वेषात आत यावे लागते, आणि त्याच रांगेत कोणीही परका सद्गृहस्थ उभा राहू शकतो. तिचा हक्क पहिला, असे स्पष्टपणे लिहिलेले नाही.

जुने कायदे याहून शहाणे होते, हे सांगताना आम्हांस संकोच वाटत नाही. इंग्लंडच्या १९०८ च्या बालकायद्यात मूल कोणाच्या हवाली करावे हे सांगताना 'आप्त किंवा अन्य योग्य व्यक्ती' असे शब्द घातले होते. आप्त आधी, इतर मागून. आमच्या मुंबई प्रांताचा १९२४ चा बालकायदा याच इंग्रजी वळणावर बेतलेला होता. त्याच्याही आधीच्या १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात, पालक नेमताना न्यायाधीशाने काय काय पाहावे हे सांगताना, त्या माणसाच्या शीलाबरोबर व योग्यतेबरोबर 'नात्याची जवळीक' हीही पाहावी, असे नमूद आहे. आणि तो कायदा आजही जिवंत आहे. परकीय राज्यकर्त्यास जी गोष्ट कायद्यात लिहावीशी वाटली ती स्वराज्यातल्या बालकायद्यात अनुमानाने काढावी लागते, हे आम्हांस भूषणावह वाटत नाही.

आता हा प्रश्न सोलापुरात कोणत्या रूपाने उभा राहतो ते पाहा. १८७७ साली येथे पहिली मोठी कापडगिरणी चालू झाली, आणि तेव्हापासून हे शहर बाहेरून आलेल्या माणसांचे शहर आहे. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कर्नाटकातून कानडी बोलणारे आले, मराठवाड्यातून दुष्काळाने हुसकलेले आले. गिरण्या बंद पडल्या. माणसे यंत्रमागांवर गेली आणि बायका विड्या वळू लागल्या. अशा घरातले मूल पोरके झाले म्हणजे त्याचा काका भिवंडीच्या मागावर असतो, मामा विजापूर जिल्ह्यात शेतमजुरी करीत असतो, आणि आजी तेलंगणातल्या एखाद्या गावी असते. ऊसतोडीच्या हंगामात तर आईबापच महिनेच्या महिने फडावर, आणि मूल गावी म्हाताऱ्यांपाशी. म्हणजे हजारो मुले आप्तांच्या आधारानेच वाढत आहेत. त्यांची नोंद कोणाच्याही दप्तरात नाही इतकेच. परंतु एखादे मूल दप्तरात आले, की चित्र पालटते. तीन राज्यांत पसरलेले आप्त शोधावयाचे म्हणजे दुसऱ्या जिल्ह्याच्या समितीस लिहावे लागते, तिच्या अहवालाची वाट पाहावी लागते, तेलुगू वा कानडी जाणणारा माणूस पाठवावा लागतो. बालगृह मात्र याच गावात असते. जी गोष्ट हाताशी तीच सोयीची. आणि जी सोयीची तिलाच पुढे 'मुलाचे हित' असे नाव मिळते.

आमच्या या मागणीवर दोन बाजूंनी हल्ला होतो, हे आम्ही जाणून आहो. गंमत अशी की दोन्ही हल्ले परस्परविरुद्ध आहेत. एक पक्ष म्हणतो, आप्त हे विश्वासास पात्र नाहीत. दुसरा म्हणतो, आप्त आपले कर्तव्य करतातच. त्यांस सरकारी पैसा कशाला?

पहिल्या पक्षाचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेत नाही. सोलापूर जिल्ह्यातच त्याचा सर्वांत जुना पुरावा उभा आहे. १८७५ साली पंढरपुरास प्रार्थनासमाजाच्या आश्रयाने, तेथील न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने, बालकाश्रम निघाला. तो का निघाला? विधवेच्या पोटी आलेल्या मुलाचा गळा घोटण्यास त्याचे आप्तच सिद्ध असत म्हणून. त्याच्या बारा वर्षे आधी, १८६३ साली, जोतीराव फुल्यांनी पुण्यास जे बालहत्या प्रतिबंधक गृह काढले त्याचेही कारण तेच. ज्या घरात अब्रू जिवाहून मोठी, त्या घराच्या हाती अर्भक देणे म्हणजे त्यास मृत्यूच्या हाती देणे होते. आणि तेथे संस्था हीच आई झाली. या संस्थांचा आम्हांस अभिमान आहे.

आजचे धोके निराळे आहेत, पण ते आहेत. पोरक्या पुतण्याच्या नावचा जमिनीचा वाटा काकाच्या सातबाऱ्यावर कसा सरकतो हे ग्रामीण वाचकांस सांगावयास नको. पोरक्या भाचीचे लग्न लवकर उरकून 'जबाबदारीतून मोकळे' होण्याची घाई कशी होते तेही सर्वांस ठाऊक आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सोलापूर जिल्ह्यातल्या २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी शेकडा ४० च्या सुमारास स्त्रियांची लग्ने अठराव्या वर्षाच्या आत झालेली आढळली. ज्या जिल्ह्यात आईबाप असलेल्या मुलींची ही स्थिती, तेथे आईबाप नसलेलीची काय असेल? आणि मध्यमवर्गीय घरांतला 'आश्रित' हा जुना प्राणी तर आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे: जो सर्वांच्या आधी उठतो, सर्वांच्या मागून जेवतो, आणि ज्याच्या शिक्षणाचा खर्च दर दिवाळीस बोलून दाखविला जातो.

हे सर्व खरे आहे. पण यावरून निष्पन्न काय होते? आप्तांची कसून चौकशी करावी आणि मूल दिल्यावरही घरावर डोळा ठेवावा, एवढेच. आप्तांस विचारूच नये, हे त्यावरून निघत नाही. काही डॉक्टर अडाणी असतात म्हणून कोणी औषध बंद करीत नाही. शिवाय आप्तांवर जो संशय घेतला जातो तो संस्थेवर तितक्याच कठोरपणे घेतला जातो काय? संस्थेतही माणसेच असतात. तीही चुकतात, दमतात, बदलून जातात. फरक इतकाच की मावशी बदलून जात नाही.

आणि 'मुलाच्या भल्यासाठी त्यास रक्ताच्या माणसांपासून तोडावे' या विचाराची परीक्षा सोलापुराने एकदा पाहिलेली आहे. गुन्हेगार जमातींच्या कायद्यास १८९७ साली जी दुरुस्ती झाली तिने चार ते अठरा वर्षांच्या मुलग्यांस आईबापांपासून काढून सुधारगृहात ठेवण्याचा अधिकार सरकारास दिला. १९११ च्या कायद्यानेही मुले वेगळी काढण्याची ती वाट उघडी ठेवली. त्या कायद्याखालची एक मोठी वसाहत सोलापुरास होती. तो कायदा १९५२ साली गेला, पण 'सेटलमेंट' हे नाव या शहरातल्या वस्तीस अद्याप चिकटून आहे. त्या काळच्या अधिकाऱ्यांतही प्रामाणिक माणसे होती. आपण मुलांस सुधारतो आहो असे त्यांस मनापासून वाटे. त्यांची चूक दुष्टपणाची नव्हती. गरीब आणि बदनाम माणसाच्या मायेस किंमत नसते, असे त्यांनी गृहीत धरले होते. आज कायदा निराळा आहे, हेतू निराळा आहे. परंतु 'आजी विड्या वळते, एका खोलीत राहते, तिच्या हाती मूल काय द्यावयाचे?' असे कोणी म्हणाले की तेच गृहीत नव्या कपड्यांत पुढे येते.

दारिद्र्य व म्हातारपण यांवरून आप्तांस अपात्र ठरविण्याच्या या प्रवृत्तीस सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या जून महिन्यात चांगले उत्तर दिले. कोरोनाच्या साथीत आईबाप गमावलेल्या एका लहान मुलाचा ताबा गुजरातच्या उच्च न्यायालयाने मावशीस दिला होता: तिचे वय कमी, नोकरी सरकारी, कुटुंब मोठे. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून मूल वडिलांकडच्या आजीआजोबांच्या हाती दिले. केवळ उत्पन्न, वय किंवा कुटुंबाचा आकार यांवरून आजीआजोबांचे पारडे हलके ठरविता येणार नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की तेथे दोन्ही बाजूंस आप्तच होते, आणि दोघांसही मूल हवे होते. ज्या मुलाच्या मावशीस वकील परवडत नाही, जिला समिती कोठे बसते हेही ठाऊक नाही, तिचे म्हणणे कोण ऐकणार?

महाराष्ट्राचे अर्वाचीन मन ज्यांनी घडविले त्यांतल्या दोघांचे बाळपण या संदर्भात आठवावे. जोतीराव फुले तान्हे असतानाच त्यांची आई वारली, आणि नात्यातल्या बालविधवा सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांस वाढविले. बाबासाहेब आंबेडकरांची आई त्यांच्या लहानपणीच गेली, आणि आत्या मीराबाईंनी त्यांचा सांभाळ केला. दोघांचेही वडील हयात होते, ही गोष्ट आम्ही विसरत नाही. आणि दोन थोर पुरुषांच्या उदाहरणाने हजारो मुलांचा प्रश्न सुटत नाही हेही आम्हांस मान्य आहे. पण आजच्या चौकशीच्या छापील तक्त्यात सगुणाबाई आणि मीराबाई यांस किती गुण मिळाले असते, याचा विचार वाचकांनी स्वस्थ बसून करावा.

आता दुसरा पक्ष. हा बहुधा आपल्यातलाच असतो. तो म्हणतो, 'आमच्या आजोबांनी चार पोरके पुतणे वाढविले. त्यांनी काय सरकारकडे हात पसरला? नाते म्हटले की पैशाची भाषा कशाला?' ऐकावयास हे फार गोड आहे. परंतु त्या आजोबांच्या घरी बहुधा वाडा होता, शेतावरून धान्य येत होते, आणि चार तोंडे वाढली तरी कोणाच्या ताटातले कमी होत नव्हते. आणि झालेच तर ते आजीच्या ताटातले कमी होत होते, ज्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. यंत्रमागावर मजुरी करणाऱ्या मामाच्या घरी एक तोंड वाढले की त्याच्या स्वतःच्या मुलाची शाळा धोक्यात येते. नात्याच्या गौरवाची व्याख्याने देऊन त्या घरातले दूध वाढत नाही.

सरकार काही देत नाही, असेही नाही. महाराष्ट्राची बालसंगोपन योजना जुनी आहे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने ती आज चालते, आणि २०२३ साली तिची मदत महिना १,१०० रुपयांवरून २,२५० रुपये झाली. केंद्राच्या २०२२ च्या मिशन वात्सल्य योजनेत आप्तांकडे राहणाऱ्या मुलास महिना ४,००० रुपये देण्याची सोय आहे. पण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न खेड्यात ७२,००० व अन्यत्र ९६,००० रुपयांच्या आत असावे लागते. म्हणजे ज्या शहरी घरात महिना ८,००० रुपयांहून एक रुपया अधिक येतो ते घर सरकारच्या दृष्टीने पोरके भाचे पोसण्याइतके सधन झाले. शिवाय मूल ताब्यात देण्याचा हुकूम समिती करते, आणि पैशास मंजुरी देणारी समिती निराळी. मूल आज येते. त्याचा पैसा मागून येतो. मुलाची भूक मात्र मागून येत नाही.

येथे एक तत्त्वाचा प्रश्न आहे, व तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९७९ साली आला होता. इलिनॉय राज्यात परक्या घरी ठेवलेल्या मुलास जी रक्कम मिळे ती आप्ताच्या घरी ठेवलेल्या मुलास मिळत नसे. आप्ताने हे प्रेमाखातर करावे, असा राज्याचा युक्तिवाद. न्यायालयाने तो फेटाळला, आणि ठरविले की जे आप्त पालनाच्या अटी पुऱ्या करतात त्यांस परक्यांइतकीच मदत मिळाली पाहिजे. युक्तिवाद साधा आहे: पैसा मुलासाठी आहे, आणि मूल मावशीकडे राहिले म्हणून ते कमी खात नाही. आम्हांकडे नात्याच्या नावाने दिली जाणारी सबब याहून वेगळी नाही. सरकारने संस्थेत मूल ठेवले असते तर त्याच्या अन्नवस्त्राचा, निवाऱ्याचा व शिपायांपासून अधीक्षकांपर्यंत सर्वांच्या पगाराचा खर्च त्यास करावाच लागला असता. तो सर्व भार मावशीने उचलला, तर तिला जे देणे आहे ते दान नव्हे. ते सरकारचे स्वतःचे वाचलेले कर्तव्य आहे.

आणि याच ठिकाणी एका तिसऱ्या गोष्टीपासून सावध केले पाहिजे. आप्तांकडे मूल देणे म्हणजे खर्च वाचविणे, असा अर्थ कोणी घेऊ लागला तर आमच्या म्हणण्याचा अनर्थ होईल. २०२० च्या सप्टेंबरात राष्ट्रीय बालहक्क आयोगाने महाराष्ट्रासह आठ राज्यांस, संस्थांतली मुले १०० दिवसांत आपापल्या कुटुंबांकडे पोचवावीत, असे कळविले. साथ चालू, रोजगार बंद, आणि प्रत्येक घराची चौकशी १०० दिवसांत! मुलास घर असावे, हे तत्त्व बरोबर. पण शंभर दिवसांचे घड्याळ लावून घरे तयार होत नसतात. घाईने घरी पाठविलेले मूल पुन्हा बाहेर पडते, आणि दुसऱ्या वेळी त्यास घरावर विश्वास ठेवणे पहिल्याहून अवघड जाते.

मग करावे काय? दूरच्या देशांनी काही वाटा चोखाळल्या आहेत. न्यूझीलंडने १९८९ साली कायदा करून मुलाविषयी निर्णय घेण्यापूर्वी त्याचे सारे कुटुंब एकत्र बसविण्याची पद्धत सुरू केली. माओरी लोकांच्या कुलपद्धतीचा तीत मोठा वाटा आहे. अमेरिकेने २००८ साली नियम केला की मूल घरातून काढल्यापासून ३० दिवसांत त्याच्या सर्व सज्ञान आप्तांस तशी सूचना गेली पाहिजे. यात आम्हांस अशक्य असे काही नाही. तेराव्यास सारे नातलग गोळा करण्यात आमचा हात कोण धरील? जो निरोप मृत्यूचा पोचतो तो मुलाचाही पोचू शकेल.

आमच्या मागण्या अशा आहेत. मूल समितीपुढे आल्यापासून ठरावीक दिवसांत दोन्हीकडच्या आप्तांची यादी झाली पाहिजे. आणि 'दोन्हीकडच्या' या शब्दावर आमचा भर आहे, कारण वंश बापाचा म्हणून चौकशीही बापाच्याच घरी थांबते, आणि ज्या आजोळी मूल सुटीस हक्काने जात असे तेथे कोणी विचारीत नाही. मूल बोलते झाले असेल तर त्यास विचारावे. बहुतेक मुलांस आपले कोण हे अधिकाऱ्यांहून चांगले ठाऊक असते. भावंडांची ताटातूट करू नये. कोणाही आप्ताकडे मूल न देता ते संस्थेत पाठविले, तर त्याची कारणे लेखी नोंदवावीत आणि ती त्या आप्तास कळवावीत, म्हणजे त्यास वर दाद मागता येईल.

मूल दिले तर त्याच दिवशी आजीच्या किंवा मामाच्या हाती असा कागद पडावा, जो शाळेत, दवाखान्यात, बँकेत आणि जातीच्या दाखल्याच्या खिडकीवर चालेल. आज या प्रत्येक ठिकाणी 'वडिलांस घेऊन या' हेच उत्तर मिळते. आणि मामाच्या घरी वाढलेल्या मुलास तर बापाच्या घराण्याचे जुने कागद कोठून आणावे हे कळत नाही. पैशाचा हुकूम मुलाच्या हुकुमाबरोबरच व्हावा. मुलाच्या वाट्याची जमीन व ठेव मुलाच्याच नावे राहावी व तीस हात लावण्यापूर्वी न्यायालयाची परवानगी लागावी. कोरोनात दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावे राज्याने जी ५ लाखांची ठेव ठेवली, तिच्यामागे हेच शहाणपण होते. आणि देखरेख करणारा माणूस वर्षातून एकदा सही घेण्यापुरता येऊ नये. मुलगी शाळेत जाते की नाही, तिच्या लग्नाची बोलणी तर चालू नाहीत, मूल घरातल्या इतर मुलांच्या पंगतीस बसते की मागून, हे त्याने डोळ्यांनी पाहावे. आणि मूल त्याच्याशी एकटे बोलू शकले पाहिजे.

यास माणसे लागतील, पैसा लागेल, हे खरे. पण जो समाज संस्थांच्या इमारती बांधू शकतो त्यास चौकशीसाठी हिंडणारी, तेलुगू व कानडी बोलणारी चार माणसे परवडत नाहीत, यावर आमचा विश्वास बसत नाही. इमारतीवर देणगीदाराचे नाव कोरता येते. मावशीच्या दारावर कोरता येत नाही, एवढीच अडचण आहे.

आता उरले आम्ही सुशिक्षित. मुलाच्या वाढदिवशी अनाथाश्रमात जेवण घालावे, जुने कपडे धुऊन द्यावेत, तेथील मुलांबरोबर एक छायाचित्र काढून घ्यावे, ही आमची दयेची रीत. ती वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. भुकेल्या मुलास लाडू नकोसा नसतो. परंतु ज्या सद्गृहस्थाने ते जेवण घातले त्याच्याच घरी विड्यांचे कारखाने वा माग असतील, आणि त्याच्याच कामगार बाईच्या खोलीत बहिणीची दोन पोरकी मुले वाढत असतील, तर त्याने ती कधी पाहिली आहेत काय? तिला समितीचा पत्ता सांगितला आहे काय? तिच्या अर्जावर सही करण्यास, तिच्याबरोबर कचेरीत एक दुपार बसण्यास तो तयार आहे काय? आणि स्वतःच्या नात्यातले एखादे मूल उघड्यावर पडले असता 'आमच्याकडे जागा नाही' असे सांगून तीन खोल्यांचे दार ज्यांनी लावून घेतले त्यांनी एका खोलीतल्या आजीच्या योग्यतेची चर्चा करावी काय?

संस्था असाव्यात. पंढरपुरास १८७५ साली जी गरज होती तशी गरज आजही काही मुलांस आहे, आणि त्यांच्यासाठी संस्था चांगली, स्वच्छ व प्रेमळ असावी याविषयी दुमत नाही. परंतु ज्यास कोणीच नाही त्याच्यासाठी ती असावी. ज्याची आजी जिवंत आहे, ज्याचा मामा त्यास नेण्यास तयार आहे, ज्याच्या बहिणीने आपल्या ताटातला घास त्याच्यासाठी काढून ठेवला आहे, ते मूल अनाथ नव्हे. त्याच्या नाथांस कोणी विचारलेले नाही, इतकेच. सोलापूरच्या समितीपुढे उद्या सकाळी जे मूल उभे राहील त्यास 'तुला कोणी आहे का?' एवढे विचारून थांबू नये. त्याच्या उत्तराचा पत्ता काढीत कोणी तरी त्या आजीच्या दारापर्यंत गेले पाहिजे.